‘ती म्हणाली’चं इंग्रजी

(कार्यकर्त्यांच्या इंग्रजी वर्गाच्या पहिल्या दिवशी केलेल्या भाषणाचं शब्दांकन. भाषणातली इंग्रजी वाक्यं देवनागरीतच ठेवली आहेत.)



शाळेत ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ नावाचा एक धडा असायचा, तो तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. अवतरणचिन्हं काढायची, ‘दॅट’ घालायचं, ‘आय’चं ‘शी’, ‘इज’चं ‘वॉज’, ‘नाऊ’चं ‘देन’ करायचं आणि पाच मार्क घ्यायचे. हरी गोविंदाला काहीतरी म्हणायचा, गुरुजी विद्यार्थ्याला काहीतरी म्हणायचे. त्यांच्या म्हणण्यावाचून कुणाचं काही अडत नसे. म्हणून तो धडा पाठही पटकन व्हायचा आणि विसरायलाही व्हायचा.

आपल्या कामात मात्र या धड्यावाचून पान हलत नाही. बाई केंद्रावर येते, तिचं म्हणणं आपण ऐकतो. मग ते वकिलांना सांगतो, पोलीस ठाण्यात सांगतो, तहसीलदारांच्या निवेदनात लिहितो, दिल्लीच्या बैठकीत मांडतो, आणि जिथून पैसे येतात त्या संस्थेच्या अहवालात इंग्रजीतून लिहितो. म्हणजे आपलं निम्मं लिखाण ‘ती म्हणाली’ असंच असतं. यातलं शेवटचं काम, इंग्रजीचं, आपण आजवर ऑफिसमधल्या एखाद्या शिकलेल्या मुलीवर किंवा शहरातून आलेल्या सल्लागारावर सोपवत आलो. गावात जाऊन ऐकणारी एक आणि लिहिणारी भलतीच. हे बदलावं म्हणून हा वर्ग; आणि म्हणूनच टेन्सचे तक्ते बाजूला ठेवून मी या धड्यापासून सुरुवात करते आहे.

सरावासाठी मी किल्लारीचा भूकंप निवडला आहे. आपत्तीनंतर माणसं जे बोलतात त्यात हे सगळं व्याकरण ठासून भरलेलं असतं. आधी काय होतं, मग काय झालं, कुणी हाक मारली, कुणी काय आश्वासन दिलं, कोण कुणाला काय म्हणालं. आणि आपत्तीनंतरचा प्रत्येक कागद, पंचनामा असो, यादी असो की अहवाल, कुणाच्या तरी सांगण्यावर उभा असतो. तुमच्यापैकी काहीजणी लातूर-धाराशिवकडच्या आहेत. ज्यांना हा विषय नको वाटेल त्यांनी मला मोकळेपणानं सांगावं, त्यांच्यासाठी मी दुसरे उतारे आणले आहेत. आणि एक गोष्ट स्पष्ट करते. आज फळ्यावर येणारी वाक्यं मी सरावासाठी रचलेली आहेत, ती कुणा एका बाईची नाहीत. एखादीनं आपलं दुःख विश्वासानं सांगितलं असेल, तर ते आपल्या ‘रिकाम्या जागा भरा’साठी वापरायचं नाही.

तरुण मुलींसाठी थोडक्यात सांगते. ३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. गणपती पोचवून लोक दमून झोपलेले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, हे दोन जिल्हे. भूकंप सुमारे ६.२ तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हे. पण घरं कशी, तर दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर लाकडावर मातीचं जड माळवद. भिंती फाकल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. कुडाच्या, छपराच्या घरांत राहणारी गरीब माणसं त्या मानानं वाचली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ आहे, काही नोंदींत तो दहा हजारांच्या आसपास जातो. ५२ गावं मूळ जागेवरून उठवून नव्यानं वसवावी लागली.

आता आधी आपली मराठीतली सवय पाहू.

मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं उचलतो. ‘जाऊबाई म्हणाल्या की मी आत जाते.’ आत कोण गेलं? जाऊबाई. पण ‘मी’ म्हणणारं तोंड माझं आहे. समोर बसून बोलताना आवाजावरून, हातवाऱ्यांवरून ते कळतं. कागदाला आवाज नसतो. ‘सरपंच म्हणाले की ती म्हणते मला घर नको’ यातलं ‘मला’ कुणाचं, यावर एखाद्या बाईचं घर जाऊ शकतं. इंग्रजी इथे हट्टी आहे. तिला प्रत्येक पायरी दिसावी लागते: ‘द सरपंच सेड दॅट शी हॅड सेड दॅट शी डिड नॉट वाँट द हाऊस.’ वाक्य ओबडधोबड आहे, मला मान्य आहे. पण त्यात लगेच दिसतं की बाई काय म्हणाली ते आपण तिच्या तोंडून ऐकलेलंच नाही, सरपंचांच्या तोंडून ऐकलं आहे. मराठी वाक्यात हे झाकून जात होतं.

आपला दुसरा सोयीचा शब्द म्हणजे ‘म्हणे’. ‘यादीत नावच नाही म्हणे.’ ‘पुढच्या महिन्यात पत्रे मिळणार म्हणे.’ बातमी पुढे जाते आणि सांगणारीच्या अंगाला काही लागत नाही. इंग्रजीत याला एका शब्दाचं उत्तर नाही, त्यामुळे आपल्याला निवड करावी लागते. ‘इट इज सेड दॅट’ लिहायचं, ‘पीपल सेड’ लिहायचं, की ‘हर नेबर टोल्ड हर’ लिहायचं? माझं सांगणं असं की माणूस माहीत असेल तर माणूस लिहा. माहीत नसेल तर विचारून या. ‘म्हणे’चं इंग्रजी करताना पुष्कळदा कळतं की आपण गावात पुरेसं विचारलंच नव्हतं.

आता काळाकडे येऊ. नियम तुम्हाला ठाऊक आहे: बोलणं सांगताना क्रियापद एक पायरी मागे जातं. ‘द हाऊस फेल’ असं ती म्हणाली, की आपण लिहितो, ‘शी सेड दॅट द हाऊस हॅड फॉलन.’ हे ‘हॅड फॉलन’ आपल्या बायकांना फार छळतं. पण भूकंपाच्या हकीगतीत ते घातल्याशिवाय गोष्ट उभीच राहत नाही, कारण तिथे सगळं ‘त्याच्या आधी’ आणि ‘त्याच्या नंतर’ असंच असतं. ‘दे हॅड गॉन टू स्लीप आफ्टर द विसर्जन.’ झोपले होते, मग हादरलं. आणखी एक आधी घ्या. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारीच्या परिसरात लहान लहान धक्के बसले होते. म्हणजे १९९३ च्या पहाटेबद्दल बोलणारी बाई जेव्हा ‘मागल्या सालीबी झालतं’ असं म्हणेल, तेव्हा तिचं वाक्य होईल: ‘शी सेड दॅट इट हॅड हॅपन्ड द इयर बिफोर टू.’ इथे ‘हॅड’ गाळून ‘इट हॅपन्ड’ लिहिलं आणि ‘द इयर बिफोर’च्या जागी ‘लास्ट इयर’ राहिलं, तर वाचणाऱ्याच्या डोक्यात १९९२ चे धक्के आणि १९९३ चा भूकंप एकमेकांत मिसळतात, आणि आधी इशारा मिळाला होता हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दाच वाक्यातून पडून जातो. एका ‘हॅड’वर एवढं अवलंबून असतं.

‘परवा’ची अशीच गंमत आहे. आपला ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही जातो, दिशा क्रियापदावरून कळते. इंग्रजीत परवाचं ‘टू डेज बिफोर’ करायचं की ‘टू डेज लेटर’, हे तुम्हाला ठरवावं लागेल. त्यापेक्षा तारीख लिहा. आणि ‘पहाट’ला ‘मॉर्निंग’ लिहू नका. ‘मॉर्निंग’ म्हटलं की परदेशातल्या वाचकाला उजेड, चहा, शाळेत निघालेली मुलं दिसतात. किल्लारीला अजून उजाडलं नव्हतं. ‘बिफोर डॉन’ लिहा, किंवा सरळ चार वाजायच्या आत असं लिहा.

आता मी ज्यासाठी मुद्दाम आज बोलायला उभी राहिले तो मुद्दा.

शाळेत आपल्याला सांगितलं होतं की क्रियापद मागे नेलंच पाहिजे, अपवाद फक्त त्रिकालाबाधित सत्यांचा. सूर्य पूर्वेला उगवतो, पृथ्वी गोल आहे, एवढ्यांनाच सवलत. हे अर्धवट आहे. इंग्रजीत, जे म्हटलं गेलं ते सांगण्याच्या वेळीही खरं असेल, तर क्रियापद तसंच ठेवायला पूर्ण मोकळीक आहे. ‘शी सेड दॅट द वॉल वॉज क्रॅक्ड’ हेही बरोबर आणि ‘शी सेड दॅट द वॉल इज क्रॅक्ड’ हेही बरोबर. मार्क दोन्हीला. पण अर्थ दोन्हीचा एक नाही.

पहिल्या वाक्यात भिंतीला तडा होता. आता आहे की बुजवला, वाक्य सांगत नाही. आणि घाईत वाचणारा साहेब समजतो की झालं गेलं ते. दुसऱ्या वाक्यात तडा आज, आत्ता, तुम्ही हा कागद वाचत असताना तिथे आहे. आणि त्या भिंतीखाली माणसं झोपताहेत.

आता आपले अहवाल आठवा. ‘द विमेन सेड दॅट दे नीडेड वॉटर.’ ‘दे सेड दॅट देअर नेम्स वेअर नॉट ऑन द लिस्ट.’ ‘दे सेड दॅट दे वेअर अफ्रेड ॲट नाइट.’ एकेक वाक्य व्याकरणात पक्कं. आणि एकेक मागणी भूतकाळात ढकललेली. पाणी अजून आलेलं नाही, नाव अजून लागलेलं नाही, भीती अजून गेलेली नाही. पण कागदावर सगळं ‘होतं’ झालं. शाळेत मिळालेल्या पाच मार्कांची ही किंमत आहे. मला यात कुणाचा डाव दिसत नाही. अहवाल लिहिणाऱ्या मुलीनं तिला शिकवलं तेच केलं. पण मागणी जिवंत असेल तर क्रियापदही जिवंत ठेवायला हवं: ‘द विमेन से दॅट दे नीड वॉटर.’ ‘सेड’चंही ‘से’ करा, काही बिघडत नाही. त्या म्हणत आहेत, अजून म्हणत आहेत.

‘हिअर’चं ‘देअर’ करण्याचंही तसंच. ‘आय विल नॉट लीव्ह धिस प्लेस,’ असं एखादी म्हणाली. शाळेचं उत्तर: ‘शी सेड दॅट शी वुड नॉट लीव्ह दॅट प्लेस.’ ‘धिस’चं ‘दॅट’ कुणी करायचं? जो त्या जागेपासून दूर बसून सांगतो आहे त्यानं. तुम्ही त्याच गावात राहता, त्याच गावातून लिहिता, तर तुमच्यासाठी ती जागा ‘ही’च आहे. मग तुम्ही ‘धिस प्लेस’ लिहा, ते चूक नाही. सांगणारी कुठे उभी आहे यावर ‘इथे’ आणि ‘तिथे’ ठरतं. पाठ्यपुस्तक गृहीत धरतं की सांगणारा नेहमी दूर असतो, नंतर आलेला असतो. मी याला पुस्तकाचा खोडसाळपणा म्हणणार नाही, पण सवय मात्र म्हणेन, आणि ती सवय आपल्याला चिकटलेली आहे. स्वतःच्या गावाबद्दल लिहितानासुद्धा आपण ‘तिथे’ लिहायला लागतो.

याचा अर्थ ‘वॉज’ वाईट असा मुळीच नाही. मागे नेलेलं क्रियापद कधी कधी मोठं कामाचं असतं. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे मोठा भूकंप होत नाही, असं मानलं जात होतं. भूकंपाच्या नकाशात किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, पहिल्या झोनमध्ये होता. २००२ च्या बांधकाम मानकात हा पहिला झोनच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्या झोनमध्ये गेला. मग हे इंग्रजीत कसं सांगाल? ‘दे सेड दॅट द प्लॅटू वॉज स्टेबल.’ इथे ‘वॉज’च हवं. ‘इज’ ठेवलंत तर त्या म्हणण्याला तुमचीही सही होते. ‘वॉज’ लिहिलंत की तुम्ही सांगता, हे त्यांचं म्हणणं होतं, माझं नाही. पाहा, २९ सप्टेंबर १९९३ पर्यंत हे वाक्य सूर्य पूर्वेला उगवतो याच्या रांगेत बसलेलं होतं. त्रिकालाबाधित सत्य कशाला म्हणायचं, याचा निर्णय व्याकरणाच्या पुस्तकावर सोपवण्यात अर्थ नाही.

सर्वनामांकडे वळते. शाळेच्या वाक्यात बहुधा एक ‘ही’ असतो आणि एक ‘शी’. आपल्या हकीगतींत सगळ्या ‘शी’च. ‘शी सेड दॅट शी हॅड टोल्ड हर दॅट शी शुड रन.’ कोण पळाली? कुणाला ठाऊक! अशा वेळी ‘शी’चा मोह सोडायचा आणि नातं लिहायचं. आणि नातं लिहायला गेलं की इंग्रजीचं दारिद्र्य उघडं पडतं. जाऊ, नणंद, भावजय, मेहुणी, सगळ्यांना एकच ‘सिस्टर-इन-लॉ’. आपल्याकडे जाऊ म्हणजे त्याच घरात माझ्यासारखीच लग्न करून आलेली. नणंद म्हणजे त्या घरात जन्मलेली. घर पडल्यावर, माणसं गेल्यावर, नुकसानभरपाईचा आणि वारसाचा प्रश्न येतो तेव्हा या दोघींचे हक्क वेगळे असतात. म्हणून लांबलचक झालं तरी ‘हर हजबंड्स सिस्टर’, ‘हर हजबंड्स ब्रदर्स वाइफ’ असं फोडून लिहा. किंवा सरळ ‘जाऊ’ लिहा आणि पहिल्यांदा आल्यावर एकदा समजावून सांगा. इंग्रजीनं ‘बंगला’ घेतला, ‘चटणी’ घेतली, ती ‘जाऊ’ही सांभाळून घेईल.

सांगण्याच्या क्रियापदांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मराठीत आपण ‘म्हणाली’ आणि ‘सांगितलं’ यांवर दिवस काढतो. इंग्रजी लिहिणाऱ्यांना तोच तोच शब्द वापरायचा कंटाळा असतो, म्हणून ते ‘सेड’ऐवजी दुसरं काहीतरी शोधतात. आणि तिथे घात होतो. ‘शी क्लेम्ड’ म्हटलं की लिहिणाऱ्याचा तिच्यावर विश्वास नाही असं ऐकू येतं. ‘शी ॲडमिटेड’ म्हटलं की तिची काहीतरी चूक होती आणि आता ती कबूल करते आहे. ‘शी कम्प्लेन्ड’ म्हणजे कटकट केली. एकच वाक्य घ्या. बाई म्हणते, ‘आम्ही त्या रात्री घरातच झोपलो होतो.’ ‘शी सेड दॅट दे हॅड स्लेप्ट इनसाइड’, ही माहिती झाली. ‘शी ॲडमिटेड दॅट दे हॅड स्लेप्ट इनसाइड’, आता जणू घरात झोपणं हाच गुन्हा. मग भिंत कुणी बांधली, तशा भिंती बांधू नका हे कुणी कधी सांगितलं होतं का, हे प्रश्न मागे पडले आणि बाई आरोपीच्या पिंजऱ्यात गेली. तिनं तोंडातून काढलेला एक शब्दही बदललेला नाही, बदललं ते फक्त आपलं क्रियापद. ‘सेड’ कंटाळवाणं वाटलं तर वाटू द्या. पन्नास वेळा ‘सेड’ लिहा. घरी गेल्यावर आपल्या संस्थेचा एक जुना इंग्रजी अहवाल काढा आणि त्यातल्या सांगण्याच्या क्रियापदांखाली रेघा ओढा. अधिकाऱ्यांसाठी कोणती आली आहेत आणि बायकांसाठी कोणती, हे बघण्यासारखं असतं.

प्रश्न आणि हुकूम मी भराभर घेते, कारण दुपारी त्यांचा सराव आहेच. ‘व्हेअर इज माय डॉटर?’ याचं ‘शी आस्क्ड व्हेअर हर डॉटर वॉज’. ‘वॉज’ शेवटी, ‘व्हेअर वॉज हर डॉटर’ नाही. हो-नाहीचा प्रश्न असेल तर ‘इफ’: ‘शी आस्क्ड इफ देअर वॉज एनी वॉटर.’ हुकूम असेल तर ‘टू’: ‘ही टोल्ड देम नॉट टू गो निअर द वॉल.’ ‘टोल्ड’पुढे माणूस यावाच लागतो, कुणाला सांगितलं ते लिहावंच लागतं. हा इंग्रजीचा चांगला गुण आहे. पण तिच्याकडे एक पळवाटही आहे: ‘दे वेअर टोल्ड.’ त्यांना सांगण्यात आलं. कुणी सांगितलं? वाक्य गप्प. ‘विमेन वेअर टोल्ड टू साइन.’ कागदावर अंगठा घेणारा माणूस वाक्यातून पसार! असं वाक्य दिसलं की ‘बाय हूम’ हा प्रश्न समासात लिहायचा आणि उत्तर मिळाल्याशिवाय अहवाल पुढे पाठवायचा नाही. आणखी एक, उद्गारांचं. ‘अगं आई गं!’ याचं आपल्याला शाळेत ‘शी एक्सक्लेम्ड विथ सॉरो’ करायला लावायचे. ते सोडून द्या. आक्रोशाचं रूपांतर करता येत नाही. तिथे अवतरणचिन्हं ठेवा आणि तिची हाक मराठीत तशीच राहू द्या.

तीच गोष्ट बोलीची. लातूरकडची बाई ‘भुई’ म्हणते. आपण आधी तिचं प्रमाण मराठीत ‘जमीन’ करतो, मग इंग्रजीत ‘सिस्मिक ट्रेमर’. दोन उड्यांत बाई नाहीशी. तिच्या तोंडी शास्त्रज्ञाचा शब्द घातला की वाचणाऱ्याला वाटतं हिला कुणीतरी पढवलं आहे. ‘द ग्राउंड शुक’ एवढं पुरेसं आहे, आणि खरंही आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळे इंग्रजीचे रोग आहेत. तसं नाही. पोलीस ठाण्यातली आपली जबानी आठवा: ‘समक्ष विचारल्यावरून सांगते की...’ वाक्य ‘मी’नं चालतं, क्रियापद ‘सांगते’ आहे, आणि तरी त्यात तिचा एक शब्द नसतो. ‘सदर इसमाने’, ‘किरकोळ कारणावरून’, हे कुठली बाई बोलते? इथे प्रत्यक्ष कथनाचा वेश घेतलेलं अप्रत्यक्ष कथन आहे. म्हणूनच फिर्याद तिला वाचून दाखवली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे हा नियम इतका मोलाचा. तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही आहे. ‘किरकोळ कारणावरून’ असं ऐकू आलं, तर तिथेच थांबवून ‘कारण किरकोळ नव्हतं’ असं म्हणायला बायकांना शिकवा. तो वर्ग मराठीचा, पण धडा हाच.

किल्लारीचं आणखी एक सांगायचं आहे, कारण त्यात रडणं नाही, काम आहे. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारचा पुनर्वसन कार्यक्रम चालला. जी गावं हलवली नाहीत तिथे घरांची दुरुस्ती आणि बळकटी करायची होती. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना त्यात ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. या बायकांचं काम काय, तर इंजिनिअरचं म्हणणं गावाला सांगायचं आणि गावाचं म्हणणं इंजिनिअरला. आपल्या धड्याचं नावच पदाला दिलं होतं म्हणा ना! पुढे २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या काही बायका तिथल्या बायकांशी बोलायला गेल्या. अशा भेटीत एका वाक्याचा प्रवास कसा होत असेल पाहा. कच्छी किंवा गुजरातीत एक बाई बोलते, मधे हिंदी, मग मराठी, आणि सगळ्यांच्या शेवटी इंग्रजी अहवाल. पहिल्या वाक्यातला ‘आमच्या भिंतीला तडा आहे’ यातला ‘आहे’ चौथ्या भाषेपर्यंत ‘आहे’ राहिला का? ज्या बाईनं स्वतःच्या घराची भिंत पडलेली पाहिली आहे तिला तो ‘आहे’ सोडवत नाही. तिला इंग्रजी आलं, तर अहवालातही सोडवणार नाही. सल्लागाराच्या इंग्रजीपेक्षा मला तिचं मोडकं इंग्रजी जास्त भरवशाचं वाटतं, ते यासाठी.

आता दुपारचं सांगते. तिघी-तिघींचे गट करा. पहिलीनं आपल्या वस्तीतली आजची एक अडचण मराठीत सांगायची, चार-पाच वाक्यांत. भूकंपच हवा असं नाही. गळकं छप्पर चालेल, रेशनचं कार्ड चालेल. दुसरीनं ती ‘शी सेड’, ‘शी सेज’ करत इंग्रजीत लिहायची. तिसरीनं फक्त ते इंग्रजी वाचून पहिलीला पुन्हा मराठीत सांगायचं, आणि विचारायचं, हेच म्हणाली होतीस ना? ती ‘नाही’ म्हणाली तर वाद घालायचा नाही, वाक्य बदलायचं. क्रियापद मागे नेलं असेल तर का नेलं, हे दुसरीनं सांगता आलं पाहिजे. ‘नियम आहे म्हणून’ हे उत्तर मी धरणार नाही. गट पाडताना लातूरकडच्या आणि मुंबईकडच्या मिसळून बसा, म्हणजे ‘भुई’वरून थोडी वादावादी होईल, ती झाली पाहिजे. शब्दकोश तीनच आहेत, ते मधल्या टेबलावर ठेवते. जेवण दीड वाजता आहे.